गाभा क्षेत्रातलं गाव बाहेर न्यायचंय? आधी हक्क, मग जमीन, मग सही

प्रश्न थोडक्यात असा. विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे वाघांसाठी राखलेल्या आतल्या भागात, साठ-सत्तर घरांचं आदिवासी गाव आहे. विचारणारा तरुण पुनर्वसनाच्या कामावर नव्याने रुजू झालाय. पावसाळ्याआधी ग्रामसभेचा ठराव हवा, असं त्याला वरून सांगण्यात आलंय. तो विचारतो: जंगलही राहील आणि माणसांचंही वाटोळं होणार नाही, असं पुनर्वसन खरंच होतं का? होत असेल तर सुरुवात कुठून करू? आणि पैसे रोख द्यावेत की जमीन?

होतं. पण मी वीसेक वर्षं हे काम जवळून पाहिलं, काही वर्षं पुनर्वसनाच्या समित्यांवर बसलो, आणि नीट झालेली गावं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बिघडलेल्या गावांत कोणी राक्षस होता असंही नाही. बहुतेक ठिकाणी करायच्या गोष्टी केल्या गेल्या, फक्त उलट्या क्रमाने. आधी सह्या घेतल्या, मग जमीन शोधली, आणि हक्कांचे दावे 'प्रलंबित' राहिले ते राहिलेच. तुम्हालाही ठरावापासूनच सुरुवात करायला सांगितलंय, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितो.

पहिली गोष्ट: हे गाव हलायलाच हवं का, हे कोणी तपासलंय? गाभा क्षेत्र म्हटलं की गाव उठलंच पाहिजे, असं सगळे धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ३८-व्ही आलं. गाभा क्षेत्र मानवी वापरापासून मोकळं असावं हे त्यात आहे, पण लगेच पुढे अटी आहेत. लोकांचे हक्क निश्चित करण्याची प्रक्रिया पूर्ण झालेली हवी. त्यांच्या वावरामुळे भरून न येणारं नुकसान होतंय, हे दाखवता आलं पाहिजे. सहजीवनाचा दुसरा रास्त मार्ग उरलेला नाही, असा निष्कर्ष निघाला पाहिजे. ग्रामसभेची आणि त्या-त्या माणसाची समजून-उमजून दिलेली संमती हवी. नव्या जागी जमीन आणि सोयी तयार झाल्याशिवाय जुन्या हक्कांना हात लावता येत नाही. वनहक्क कायद्याचं, म्हणजे २००६ च्याच दुसऱ्या कायद्याचं, कलम ४ हेच सांगतं: दाव्यांची मान्यता आणि पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येणार नाही.

म्हणून तुमच्या गावाची फाईल उघडा आणि सहजीवनाचा पर्याय तपासल्याचा कागद शोधा. बहुतेक फाइलींत तो नसतो, किंवा असतो तो अर्ध्या पानाचा, शेजारच्या गावाच्या फाईलवरून उतरवलेला.

सहजीवन ही कवीकल्पना नाही. कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांवर सोलिगा लोकांना २०११ साली व्याघ्र प्रकल्पाच्या आतच सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचे गावाचे एकत्रित हक्क, मिळाले आणि वाघही तिथे नांदताहेत. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याला पायविहीर आहे. सामूहिक वनहक्क हाती आल्यावर त्या लोकांनी उघडीबोडकी टेकडी राखली, सीताफळं विकली, आणि त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला. पायविहीर गाभा क्षेत्रात नाही, हे मान्य. मुद्दा इतकाच की 'माणूस आला की जंगल गेलं' हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही.

दुसऱ्या बाजूचंही लिहितो, नाहीतर हे एकांगी होईल. काही गावं खरोखर अशा जागी बसलेली असतात की आजूबाजूच्या दहा कोसांत उन्हाळ्यात टिकणारं एकुलतं एक पाणी गावाच्या तळ्यातच असतं, आणि एकुलता एक सपाट गवताळ पट्टा म्हणजे गावाचं शिवार. तिथून गाव निघालं की जंगलाला काय मिळतं, ते ताडोब्यात नवेगाव आणि जामणीच्या जुन्या शिवारात जाऊन बघा. आणि मुख्य म्हणजे गावातल्या लोकांनाच, विशेषतः तरुण पोरापोरींना आणि बायकांना, बाहेर पडायचं असतं. रानडुकरं आणि चितळं पीक ठेवत नाहीत. पावसाळ्यात नाला भरला की अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर टाकून न्यावं लागतं. मास्तर आठवड्यातून दोनदा येतो. शहरात बसून 'आदिवासींना जंगलातच सुखाने राहू द्या' म्हणणाऱ्यांनी एक जुलै महिना तिथे काढावा.

फक्त या इच्छेमागे काय आहे ते नीट पाहा. गावाला वीज द्यायची नाही, रस्त्याला परवानगी द्यायची नाही, चराई बंद करायची, तेंदू-मोह वेचायला गेलेल्याला अडवायचं, आणि दहा वर्षांनी लोक कंटाळून 'जातो बाबा' म्हणाले की त्याला 'ऐच्छिक पुनर्वसन' म्हणायचं, हा प्रकार मी तीन गावांत पाहिला. ती इच्छा नसते, तो दम कोंडल्यावरचा होकार असतो. ओळखायची एक साधी खूण सांगतो. लोकांना विचारा, 'रस्ता, वीज आणि दवाखाना इथेच आला तर राहाल का?' उत्तर 'राहू' असेल, तर तुमच्यापुढचा प्रश्न पुनर्वसनाचा नाही, रस्त्याचा आहे.

गाव निघायचंच असं खरोखर ठरलं, तर ठरावाच्या आधी वनहक्कांचे दावे घ्या. वैयक्तिकही आणि सामूहिकही. 'गाव उठणारच आहे, मग पट्टे कशाला?' असं तुम्हाला दहा जण सांगतील. नेमकं उठणार आहे म्हणूनच हवेत. पट्टा, म्हणजे वनहक्काचा मान्य झालेला कागद, नसलेला माणूस सरकारदरबारी अतिक्रमक असतो, आणि अतिक्रमकाला जे दिलं जातं ती मेहेरबानी ठरते. पट्टा असलेला माणूस आपला हक्क सोडून देत असतो, म्हणून तो किंमत विचारू शकतो. ग्रामसभेत तो आवाज चढवून बोलतो की मान खाली घालून, हे यावरच ठरतं. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली सुधारणा झाली, तेव्हापासून ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणसंख्या लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. हजेरीपटावर बायकांचे अंगठे दिसतात, पण त्या सभेला आल्या होत्या की वही घरोघर फिरली होती, ते गावातल्या अंगणवाडी सेविकेला हळूच विचारा.

आता कुटुंबांची यादी. सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेत अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब धरला जातो. अठरावरची अविवाहित मुलगी किंवा बहीण, विधवा, घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती, आईबाप दोन्ही नसलेलं अज्ञान मूल, ही सगळीही स्वतंत्र कुटुंबं. २००८ पासून दर कुटुंबाला १० लाख रुपये होते, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. याचा अर्थ कळला का? शेजारी-शेजारी दोन घरं आहेत. जमीन सारखीच, गुरं सारखीच. एकाला तीन मोठे मुलगे, तो चार पॅकेजचा धनी, म्हणजे ६० लाख. दुसऱ्याच्या मुली अजून शाळेत, त्याला १५. पुढची वीस वर्षं ही दोन घरं नव्या गावातही शेजारीच राहणार आहेत.

त्यात वय ठरवायची तारीख. एका गावात ती मे महिन्यातली धरली. यादी लागली आणि अकरा पोरं बाहेर राहिली. कागद काढले तर अकराही जणांची जन्मतारीख १ जून! आपल्यापैकी अनेकांच्या घरातही ही तारीख सापडेल. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यातला एक पोरगा तर लग्न होऊन बाप झालेला होता, पण कागदावर अठरा पूर्ण व्हायला त्याला काही दिवस कमी पडले. मला विचाराल तर तारीख ठरवताना आधी शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन बसा, दहा-दहा दिवस पुढेमागे सरकवून कोण आत येतो, कोण बाहेर जातो ते बघा, आणि हे सगळं ग्रामसभेत मोठ्याने वाचा. यादी भिंतीवर लावून भागत नाही, कारण ज्यांची नावं राहतात त्यांनाच बहुधा वाचता येत नसतं.

रोख की जमीन? योजनेत दोन पर्याय आहेत. पहिल्यात सगळी रक्कम कुटुंबाला देऊन टाकायची आणि त्याने आपली सोय करायची. दुसऱ्यात वन विभागाने जमीन, घर आणि सोयींसह गाव वसवायचं. दुसऱ्या पर्यायाची फोड मूळ मार्गदर्शक सूचनांत अशी दिली आहे: दोन हेक्टर शेतजमीन घेणं आणि तिचा विकास ३५ टक्के, हक्कांची भरपाई ३० टक्के, घराची जागा आणि बांधकाम २० टक्के, प्रोत्साहन ५ टक्के आणि सामुदायिक सोयी १० टक्के. हे १५ लाखांवर लावून पाहा. दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर जमिनीला सव्वापाच लाख. एकरी लाखाच्या थोडं वर. या भावात ओलिताची जमीन कुठे मिळते, याची चौकशी तुम्ही ज्या तालुक्यात गाव नेणार आहात तिथल्या दुय्यम निबंधक कार्यालयात करा. दुसरी गंमत त्या १० टक्क्यांत आहे. नव्या गावाचा रस्ता, शाळा, पाणी हे त्या माणसाच्याच वाट्यातून कापलं जातं. शहरातल्या कोणत्या नागरिकाला शाळेच्या इमारतीसाठी दीड लाख मागितले जातात? म्हणून शाळा, रस्ता, नळयोजना जिल्हा परिषदेच्या आणि आदिवासी विकासाच्या नेहमीच्या निधीतून आधी मंजूर करून घ्या. जिल्हाधिकारी मनावर घेतील तर हे होतं, आणि झालेलं मी पाहिलंय.

रोख पर्याय सगळ्यांना सोपा वाटतो. खात्याला जमीन शोधायला नको, माणसाला वाट पाहायला नको. माझं मत स्पष्ट आहे: ज्या समाजाचा पैशाशी व्यवहार मोहफुलाच्या आणि मजुरीच्या हिशोबापलीकडे गेलेला नाही, त्याच्या हातात १५ लाख एकदम ठेवणं म्हणजे त्याला उघड्यावर सोडणं. पैसे जमा व्हायच्या आठवड्यात मोटारसायकलच्या शोरूमचा माणूस गावात तंबू टाकून बसलेला मी पाहिलाय. त्याच आठवड्यात गुरांचे दलालही ट्रक घेऊन येतात, कारण नव्या जागी गायरान नाही हे त्यांना लोकांच्या आधी कळलेलं असतं. जोडीला तीन हजार भाव, दोन वर्षं पोसलेल्या गोऱ्ह्यालाही तोच. जमिनीचे दलाल येतात, तेव्हा त्या भागातले जमिनीचे भाव गावाला कळायच्या आधीच वाढलेले असतात. वर्ष-दीड वर्षात पैसा विरतो. आणि लोक म्हणतात, 'एवढा पैसा दिला, दारूत घालवला.' दारूत गेला तो थोडा. बराचसा गेला महाग घेतलेल्या वादाच्या जमिनीत आणि आजारपणात.

तरीही कोणी रोखच मागत असेल तर त्याचा तो हक्क आहे, त्याला भोळा समजून नाकारू नका. खातं नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने, मोठा हिस्सा मुदत ठेवीत, आणि जमीन घेताना तलाठ्याकडचे फेरफार तपासून द्यायला आपला माणूस बरोबर. एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं.

जमिनीचं विचाराल तर ती मे महिन्यात दाखवा. ऑगस्टमध्ये कुठलीही जमीन हिरवी दिसते. मेळघाटची काही गावं खाली अकोला जिल्ह्यात अकोट, तेल्हाऱ्याकडे वसवली गेली. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे हे त्या भागातलं शेंबडं पोरगंही सांगेल. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं. पिण्याला नाही, ओलिताला नाही. डोंगरउतारावर कुटकी, कोदो, ज्वारी पेरणाऱ्या कोरकू माणसाला भारी काळ्या जमिनीत कपाशी घ्यायची तर ट्रॅक्टर लागतो, खत-फवारणी लागते, म्हणजे पहिल्या हंगामालाच कर्ज. आणि कर्ज मिळायला सातबारा लागतो. इथे आणखी एक खाच आहे. पुनर्वसनासाठी वळती केलेली वनजमीन कागदावर वनच राहिली, तर बँक दारात उभं करत नाही. भोगवटादार वर्ग दोन लागला तर परवानगीशिवाय विकता येत नाही, ते एका अर्थी बरंच, पण पीककर्जाचं काय, हे आधी लेखी घ्या. सातबाऱ्यावर बाईचंही नाव हवं. ते नंतर लावू म्हणतात, नंतर कधी लागत नाही.

एक गोष्ट जवळजवळ कोणीच गावाला सांगत नाही. धारणी आणि चिखलदरा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातले, तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू आहे. अकोट, तेल्हारा अनुसूचित क्षेत्राबाहेरचे. माणसाची जमात बदलत नाही, दाखला तोच राहतो. पण पेसाखालची ग्रामसभा जाते, तिचे गौण वनोपजाचे अधिकार जातात, अनुसूचित क्षेत्रापुरत्या असलेल्या योजना जातात. नव्या गावात तो ग्रामपंचायतीतल्या एका वॉर्डातला अल्पसंख्य मतदार होतो. हे ज्याला सांगितलेलं नाही, त्याची संमती 'समजून-उमजून' कशी म्हणायची? तुमचं गाव कुठून कुठे जाणार आहे ते मला माहीत नाही, पण दोन्ही तालुक्यांची यादी तपासा.

हलवायचा दिवस शेतीच्या दिनदर्शिकेवरून ठरवा, आर्थिक वर्षावरून नको. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून मोहाच्या ऐन हंगामात ट्रक लावले तर वर्षाची निम्मी रोख कमाई झाडाखाली पडून राहते. मोह आणि तेंदू दोन्ही होऊ द्या, पण मृगाआधी घर उभं आणि शेत नांगरलेलं हवं. हे जमत नसेल तर एक वर्ष थांबा. लोक आनंदाने थांबतात.

अशाच एका नव्या वस्तीत पहिल्या संध्याकाळी मी होतो. सिमेंटची एकसारखी घरं, नंबर टाकलेली. ट्रकमधून दारं-चौकटी, कणग्या, कोंबड्यांचे डालगे उतरले. एक म्हातारी घराभोवती दोन चकरा मारून माझ्याकडे आली. म्हणाली, 'घर तं चांगलं हाय बावा, पन सरपन कुठून आनू?' आराखड्यात सरपण नव्हतं. पथदिवे होते, समाजमंदिर होतं, बगिच्याची जागाही होती. गॅसची शेगडी आली तीन महिन्यांनी, तोवर बायका शेजारच्या गावाच्या बांधावरून काटक्या आणत होत्या आणि शिव्या खात होत्या. नव्या-जुन्या गावांतलं पहिलं भांडण बहुतेक वेळा सरपणावरून किंवा गुरांवरून होतं, आणि पुढे त्याला जातीचा रंग चढतो. यजमान गावाशी बोलणी करणं हेही तुमचंच काम आहे. त्यांचं गायरान तोडून तुम्ही वस्ती वसवणार असाल तर त्यांनाही काही मिळालं पाहिजे.

त्याच गावात मुठवा देवाचा प्रश्न निघाला. कोरकूंचा हा गावदेव जुन्या गावठाणातच होता. काही म्हणाले, दगड घेऊन येऊ. भूमकाने, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याने, नाही म्हटलं. मग वर्षातून एकदा सगळ्या गावाने जुन्या जागी जाऊन पूजा करायची असं ठरलं, आणि साहेबांनी तोंडी होकार दिला. साहेब बदलले. पुढच्या वर्षी गेटवर ओळखपत्रं मागितली गेली. म्हणून म्हणतो, पूजेचा दिवस, मृतांच्या खांबांची जागा, तिथवर जायची वाट हे सगळं करारात लिहा. एका परिच्छेदाचं काम आहे.

लोक परत का जातात हे तुम्हाला कोणीतरी विचारेलच. मेळघाटातून अकोला जिल्ह्यात हलवलेली काही कुटुंबं जमीन, दवाखाना, पाणी यांच्या तक्रारी घेऊन पुन्हा जंगलात गेली, आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांची आणि वन कर्मचारी-पोलिसांची मोठी चकमक झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. तिथे जंगलाचं काय भलं झालं? मध्य प्रदेशात कुनो अभयारण्यातून गीरच्या सिंहांसाठी २४ गावं हलवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सिंह हलवायला सांगितलं, तरी सिंह आजवर आले नाहीत. २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे चित्ते. गाव उठवताना 'कशासाठी' याचं उत्तर पक्कं नसलं की असं होतं. उलट कर्नाटकातल्या भद्रा अभयारण्यातली गावं २००२ च्या सुमारास निघाली, ओलिताची जमीन आधी तयार होती, आणि अजूनही सगळे तेच उदाहरण देतात. मात्र तिथले बरेचसे लोक आधीपासून शेतीत मुरलेले होते, हे ते उदाहरण देताना कोणी सांगत नाही.

घाईचा इतिहासही माहीत असू द्या. राजस्थानातल्या सारिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचं उघड झाल्यावर २००५ साली सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं. त्यांच्या अहवालानुसार तेव्हा व्याघ्र प्रकल्पांत दीड हजाराच्या आसपास गावं होती, आणि तीस वर्षांत हलवली गेली होती अवघी ८०. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठवून गाभा क्षेत्रांतली उरलेली ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं हलवायला वेग द्या म्हणून सांगितलं. तुमच्यावरची घाई तिथून आलेली असणार. १५ लाखांनी ६४,८०१ ला गुणा. जवळपास पावणेदहा हजार कोटी होतात. तेव्हा सगळी गावं एकदम निघणार नाहीतच. ज्यांना मनापासून निघायचंय आणि ज्यांच्या निघण्याने जंगलाला खरोखर मोकळीक मिळते, त्यांना आधी नीट वसवा. ती बघून शेजारची गावं स्वतः विचारायला येतील, किंवा येणार नाहीत. दोन्ही उत्तरं उपयोगाचीच.

जंगलाच्या बाजूचं थोडं. गाव गेलं म्हणजे जंगल वाचलं असं नाही. पहिल्या पावसात पडीक शेतात तरोटा कंबरेएवढा येतो, मग रानतुळस, मग रायमुनिया. चितळ त्याला तोंड लावत नाही. तरोटा शेंगा धरायच्या आत, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात उपटायचा, आणि असं सलग तीन-चार वर्षं करायचं. मग पवन्या, मारवेल, शेडा या गवतांचं बी टाकायचं. झाडं लावायचा मोह आवरा, साग तर नकोच. त्या सपाट जमिनीची किंमत तिच्या गवतात आहे. विहिरी बुजवा किंवा कठडे बांधा, नाहीतर रात्री पळणारं सांबर आत जातं. विजेच्या तारा त्याच दिवशी उतरवा. आणि मागे राहिलेली कुत्री. याकडे कोणी बघत नाही. धनी गेल्यावर ती टोळीने चितळं मारतात, आणि त्यांच्यातला डिस्टेंपर हा रोग वाघ-बिबट्यांपर्यंत पोचू शकतो. लोकांबरोबर कुत्रीही न्यायची सोय करा, ट्रकमध्ये जागा लागते तेवढीच.

गावाबरोबर जंगलातले डोळेही जातात. कुठल्या नाल्यात फासे लागतात, कुठली वणव्याची वाट, कुठलं पाणी एप्रिलमध्ये आटतं, हे वनरक्षकाला कळायला दोन वर्षं लागतात, तोवर त्याची बदली होते. म्हणून जाणाऱ्या गावातली पोरं संरक्षण कुटीवर, गवत विकासाच्या कामावर, गाईड म्हणून घ्या, आणि हंगामी नको, वर्षभराच्या पगारावर घ्या. पर्यटनाचंही आधीच बोलून ठेवा. आपल्या जुन्या गावठाणावर जिप्सी उभ्या आहेत आणि लोक वाघाचे फोटो काढताहेत, हा व्हिडिओ उठलेल्या गावाच्या मोबाईलवर पहिल्या आठवड्यात पोचतो. गेटच्या उत्पन्नात त्यांचा वाटा नसेल तर तो व्हिडिओ पाहताना त्यांना काय वाटत असेल? आणि नवी वस्ती वाघांच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात पडत नाही ना, हे पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्याबाहेर, ब्रह्मपुरीकडे वाघ भरपूर आहेत. तिथे गाव नेऊन बसवलं तर त्याचा त्रास संपत नाही, फक्त त्याचा पंचनामा दुसऱ्या कार्यालयात होतो.

तर उद्या सकाळी काय कराल? ठरावाचा मसुदा बाजूला ठेवा. वनहक्क समितीचं रजिस्टर आणि शाळेचं रजिस्टर, ही दोन घ्या आणि गावात चार रात्री मुक्कामाला जा. साहेबांना सांगा, दावे निकाली निघेपर्यंत ठराव घेतला तर तो कोर्टात टिकणार नाही. हे खरंही आहे आणि साहेबांना कळणाऱ्या भाषेतलंही आहे. पुनर्वसनानंतर किमान पाच वर्षं त्या गावाची जबाबदारी एका नावावर असेल, असा आदेश मागून घ्या. पदावर नको, नावावर. मिळणार नाही बहुतेक, तरी मागा.

मागच्या हिवाळ्यात मी त्या १ जूनवाल्या गावाच्या जुन्या शिवारात गेलो होतो. गवत छातीपर्यंत आलंय, गव्यांचा कळप होता. बरोबर संरक्षण कुटीवरचा एक मजूर होता, त्याच अकरांतला. एका आंब्याखाली थांबून त्याने पायाने माती सारली, खाली त्याच्या घराच्या ओट्याचे दगड निघाले. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या अर्जावरच्या पोचीची झेरॉक्स होती. शिक्का पुसट झालाय, तारीख अजून वाचता येते. 'साहेब, अमरावतीले जाल तं फाईल कुठवर आली इचारून या,' म्हणाला. दोनदा जाऊन आलो. फाईल त्रुटीसाठी परत पाठवली आहे, जन्माचा दाखला जोडलेला नाही म्हणून.